इकारोस ऊर्फ फेलचा

प्रवासावर लिहिणाऱ्या माणसानं थोडं तरी जग पाहिलेलं असावं, अशी माझी समजूत आहे. मी पाहिलेलं नाही. कुवेतला जाईपर्यंत दापोलीच्या पलीकडे माझी मजल पुण्यापर्यंत, तीही प्रवेश परीक्षेपुरती. कुवेतमध्येही मी बराचसा वेळ एका किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे बसून काढला. तिथं वर्षानुवर्षं राहिलेली आमच्या गावची निम्मी माणसं आहेत आणि त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. तेव्हा मी लिहिणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. आमच्या घरात पुस्तक वाचणाराच मी पहिला, लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण मी एक बेट पाहिलं. ते पाहिल्यापासून जो भेटेल त्याला मी त्याबद्दल सांगत सुटलो आहे. निदान कागद तरी कंटाळणार नाही, म्हणून लिहितो. चुकलंमाकलं माफ करावं.

विमानाबद्दल काही लिहीत नाही. बसलो, उतरलो.

अबू हलीफा

माझे अब्बा कुवेतच्या किनाऱ्यावरच्या अबू हलीफा या वस्तीत एका बकाल्यात काम करतात. बकाला म्हणजे आपल्याकडचं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. पाव, अंडी, दही, फोनचे रिचार्ज, सगळं तिथं मिळतं. दुकानाच्या वर उंच इमारती, त्यात बहुतेक आपल्याकडचीच बिऱ्हाडं. दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र. समुद्र दिसला म्हणून मी पहिल्याच संध्याकाळी धावत गेलो, आणि नाकात भरलेली हवा इतकी गरम होती की चुलीत फुंकर घालताना तोंडावर येते ना, तशी. लाटाही आमच्या हर्णैसारख्या आपटत नाहीत. पाणी येतं आणि जातं, कुणाला उठवायचं नाही अशा बेतानं.

जेवणाचं मात्र घरच्यासारखं. पापलेटला इथं झुबेदी म्हणतात आणि त्याच्यासाठी माणसं आपल्यासारखीच भांडतात. अब्बांच्या खोलीवर रत्नागिरी-रायगडकडचे चौघे राहतात. त्यांनी मी आलो म्हणून झुबेदीचं कालवण केलं होतं, आणि भाताऐवजी खुबूस. तो मोठा, मऊ, तंदुरी पाव कालवणात बुडवला की भाकरीची आठवण येत नाही. येते, पण थोडी.

आता मी तिथं का गेलो होतो ते सांगायला हवं. मी बी.ए.ला इतिहास घेतला. पुढे पुण्याला पुरातत्त्व शिकायचं म्हणून प्रवेश परीक्षा दिली होती आणि तिचा निकाल लागायचा होता. अब्बा सातवीत शाळा सोडलेले. त्यांनी फोनवर सरळ करार केला होता. "पास झालास तर पुण्याला जा. मी काय बोलणार नाय. नाय झालास तर मीना अब्दुल्लाला स्टोअरमधली नोकरी तयार हाय. मुदीर वळखीचा हाय. तोवर हितं ये, जागा बघून जा." मीना अब्दुल्ला म्हणजे किनाऱ्यावरचं रिफायनरीचं गाव, मुदीर म्हणजे मॅनेजर. मी हो म्हटलं. मला दुसरं काही म्हणता आलं नाही, कारण करार रास्त होता. त्यामुळे अबू हलीफाला मी रोज सकाळी उठून पहिल्यांदा निकाल पाहत असे. 'लवकरच जाहीर होईल' एवढंच तिथं असे.

पण माझ्या येण्याचं एक गुपचूप कारणही होतं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात प्राचीन ग्रीसवर एक जाड पुस्तक आहे, त्यात एका तळटीपेत लिहिलंय की इराणी आखाताच्या टोकाला ग्रीकांनी एक बेट वसवलं होतं, त्याला इकारोस नाव दिलं होतं आणि तिथं आर्टेमिस देवीचं देऊळ होतं. ती ओळ वाचली तेव्हा मी ग्रंथालयात उभा राहिलो होतो. जिथून अब्बा दर महिन्याला फोन करतात, तिथं आर्टेमिस! हातात धनुष्य घेतलेली, रानात राहणारी, हरणं आणि रानबकऱ्या राखणारी, कुणाशीही लग्न न करणारी ती देवी माझ्या अब्बांच्या दुकानापासून एवढ्याशा अंतरावर!

आल्यापासून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, "इकारोस बेट कुठं आहे?" कुणाला पत्ता नाही. एकानं मला विचारलं, नवीन मॉल आहे का? शेवटी नकाशात शोधलं तेव्हा आजचं नाव सापडलं. फैलका.

"फैलका?" अब्बा अंड्यांचे ट्रे रचत होते. "फैलका फैलका काय करतोस? फेलचा म्हण की! हितली लोकं फेलचा बोलतात. मासळीवाले सारखे बोलत असतात, फेलचावरनं आणलाय म्हणून."

कुवेती बोलण्यात 'क'चा कधी कधी 'च' होतो, हे मला तेव्हा कळलं. मला हसू आलं. निकालाची वाट बघणाऱ्या माणसानं जायचं तरी कुठे, तर फेलचाला!

त्याच वेळी दुकानात दही घ्यायला अनघाताई आल्या होत्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात, एका बँकेत हिशेब बघतात, मूळच्या पुण्याच्या. त्यांची अकरा वर्षांची मुलगी तन्वी बरोबर होती. अनघाताई म्हणाल्या, "अहो, आम्ही शुक्रवारी तिथंच चाललोय! हिच्या सुट्टीत दाखवायचं राहिलंय. गाडीत जागा आहे, चला की दोघं. काका, तुम्ही इतकी वर्षं इथं आहात, कधीच गेला नाहीत?"

"मॅडम, हा दोन गल्ल्या पलीकडचा समुद्र पण मी बसच्या काचेतनं बघतो," अब्बा म्हणाले. पण शुक्रवारी ते स्वच्छ पांढरा शर्ट घालून माझ्या आधी तयार होते.

बोट

सालमियाच्या धक्क्यावरून बोट सुटते. सकाळची वेळ, तरी लोखंडी कठड्याला हात लाववत नव्हता. मी खाडीकाठचा मुलगा, लहानपणापासून होडीत बसलेला. म्हणून तन्वीला मोठ्या ऐटीत सांगितलं की बोट लागत असेल तर क्षितिजाकडे बघत राहायचं. ती म्हणाली, "आय नो." मग अर्ध्या तासात मलाच बोट लागली.

त्याआधी मात्र तिनं माझी परीक्षा घेतली. तिला ग्रीक देव सगळे पाठ. मी तिच्या आईशी आर्टेमिसबद्दल बोलत होतो तेव्हा ती मधेच म्हणाली, "तिचा ब्रदर कोण?"

"अपोलो," मी म्हटलं.

"ट्विन ब्रदर," तिनं दुरुस्त केलं. "तिचं रोमन नेम?"

"डायाना."

"पोसायडन?"

"नेपच्यून. समुद्राचा देव. हातात त्रिशूळ."

"झ्यूस?"

"ज्युपिटर. म्हणजे आपला गुरू ग्रह."

"हर्मिस?"

"मर्क्युरी. बुध. निरोप्या देव, पायात पंखांचे जोडे."

"हेफेस्टस?"

"व्हल्कन. लोहार. लंगडा होता. देवांची हत्यारं तोच घडवायचा."

"ओके," ती म्हणाली. "यू आर नॉट बॅड."

मी वळून पाहिलं तर अब्बा आमच्याकडे टक लावून बघत होते. मी शाळेत होतो तेव्हा ते इथं, कॉलेजात होतो तेव्हाही इथं. मला कुणी प्रश्न विचारतंय आणि मी उत्तर देतोय, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. ते अनघाताईंना म्हणाले, "सगळी बरोबर दिलान काय?"

"सगळी, काका."

"मंग अजून इचार की गं," ते तन्वीला म्हणाले. पण तेवढ्यात मी कठड्याकडे पळालो.

पुढचा भाग मी मान खाली घालून काढला. अब्बा पाठीवर हात फिरवत होते आणि दुसऱ्या हातानं गावी अम्मीला फोन लावत होते. वाऱ्यात ते ओरडून बोलत होते. "हॅलो! इरफान फेलचाला... हां, बोटीत हाय... नाय, मान वर करत नाय... मी हाय ना त्याच्याबरोबर, तू कायेक काळजी करू नको!" मग फोन तुटला. पुन्हा लागला नाही. थोड्या वेळानं तो उन्हानं इतका तापला की आपोआप बंद पडला. माझ्या फोनला तर कुणाच्या तरी वायफायशिवाय जीवच नव्हता.

बेट

पुस्तकात असं होतं की बेटावर दाट झाडी होती आणि देवीच्या रानबकऱ्या नि हरणं मोकळी हिंडत. बळी द्यायचा असेल तरच त्यांना हात लावायचा, शिकार करायची नाही. मी बोटीतून उतरलो तो झाडी शोधतच. झाडी नाही. पिवळी, सपाट, खारट माती. समोर एक अख्खं गाव ओसाड पडलेलं. दारं नसलेली घरं, भिंतींत गोळ्यांची भोकं. नव्वद साली इराकी सैन्यानं इथल्या माणसांना घालवून दिलं, आणि युद्ध संपल्यावर ती परत राहायला आलीच नाहीत. माझ्यासारख्या माणसाला जुनं पडकं बघायची फार आवड. पण हे पडकं माझ्या अब्बांपेक्षाही तरुण होतं.

बेट दाखवायला आम्हाला अबू नासिर नावाचे गृहस्थ मिळाले. पांढरा दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा, पायात चपला, वय बरंच. ते याच बेटावर जन्मलेले. आम्ही हिंदुस्थानचे म्हटल्यावर ते खुलले आणि मोडक्या हिंदीत सुरू झाले. "बम्बई? मेरा बाप बूम लेके जाता था. खजूर उधर, लकडी इधर." बूम म्हणजे इथलं मोठं गलबत. अब्बांनी सांगितलं, आम्ही रत्नागिरीचे. "रत्नागिरी! मालूम! आम!" असं म्हणून त्यांनी अब्बांचा हात हातात घेतला आणि पुढचा बराच वेळ सोडला नाही.

मी अधीर झालो होतो. "बकरी है इधर? हिरन?" मी विचारलं.

"बकरी?" त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "खाना है? ईद है क्या?"

तन्वी खो खो हसली. मग तिनंच त्यांना आर्टेमिसच्या बकऱ्यांचं सांगितलं, इंग्रजीत, हातवारे करून. ते गंभीरपणे म्हणाले, "बकरी खलास. ऊंट है." आणि खरंच, दूर उंटांचा एक कळप उभा होता. देवीनं एवढ्यावर भागवून घ्यावं.

देऊळ

कुंपणाचं फाटक उघडलं आणि अबू नासिरनी हातानं दाखवलं. मी आधी पाहिलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे उंच खांब होते, चित्रात असतात तसे. इथं गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, एक चौकोनी किल्ला असावा अशा रेषा, आणि त्यांच्या मधोमध एक छोटा चौथरा. आमच्या गावच्या मशिदीचा पुढचा ओटा असतो तेवढाच. पुढच्या बाजूला दोन खांबांच्या बैठका. बस्स.

मला वाटलं होतं की माझा हिरमोड होईल. पण झाला नाही. हे खरं होतं! पुस्तकातली तळटीप अशी दगडाची, धुळीची, पायाला लागणारी होती. मी खाली बसलो. बैठकीचा घाट इराणी पद्धतीचा आणि वरचा खांब ग्रीक पद्धतीचा असे, हे मी वाचलेलं होतं. कारागीर जिथला मिळाला तिथला घेतला असणार. देव ग्रीसचा, हात इथले. मी हे सगळं अब्बांना एका दमात सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "सावकाश. दम खा. देऊळ कुठं पळून जात नाय."

अबू नासिरनी आपल्या फोनवर एका दगडाचा फोटो दाखवला. तो लेख इथंच सापडला. अथेन्सच्या एका माणसानं आणि त्याच्या सैनिकांनी तो देवांना वाहिलेला आहे. तारणारा झ्यूस, पोसायडन आणि तारणारी आर्टेमिस, अशा तिघांना.

"म्हंजे काय?" अब्बांनी विचारलं.

मी अडखळत सांगितलं. घरापासून एवढ्या लांब, अनोळखी समुद्रातून ही माणसं आली. वादळातून म्हणा, लढाईतून म्हणा, वाचली. म्हणून ज्यांनी तारलं त्यांची नावं दगडावर घातली.

"पोचल्याचा फोन," अब्बा म्हणाले. "आम्ही पण उतरल्या उतरल्या करतो. पोचलो, खुशाल हाय."

अनघाताई हसल्या, पण लगेच थांबल्या. म्हणाल्या, "मी आल्या दिवशी एअरपोर्टच्या बाथरूममधून केला होता. रडू ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून."

मला आमच्या खाडीची आठवण झाली. आमच्याकडे घरातलं माणूस जहाजावर गेलं की बायका ख्वाजा खिजरच्या नावानं पानावर मलिदा ठेवतात, दिवा लावतात आणि पाण्यात सोडतात. खिजर म्हणजे पाण्यावरच्या माणसांना वाट दाखवणारा. कोळीवाड्यातले लोक दर्याला नारळ देतात ते याच खाडीत, थोडं पलीकडे. मी अबू नासिरना विचारलं, तुम्ही खिजरला मानता का? ते किनाऱ्याकडच्या एका उंचवट्याकडे हनुवटीनं दाखवून म्हणाले, "उधर था, खिजर का मकान. औरत लोग आता था, दूर दूर से. अभी कुछ नहीं." पण पोसायडन, खिजर आणि दर्याचा नारळ या तिघांची गाठ माझ्या मनात या एवढ्याशा बेटावर पडली, ती काही आता सुटायची नाही.

जेवायला सावली मिळाली. मचबूस होता, म्हणजे मसाल्याचा भात आणि वर कोंबडी, बिर्याणीचा शांत स्वभावाचा भाऊ. सोबत गार ताक. जेवता जेवता तन्वीनं अब्बांना विचारलं, "अंकल, डू यू नो इकारस कोण होता?"

"नाय बा. तुम्ही सांगा."

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग मी गोष्ट सांगितली. डेडॅलस नावाचा फार मोठा कारागीर होता. एका राजानं त्याला आणि त्याच्या मुलाला, इकारोसला, बेटावर कोंडून ठेवलं. जहाजं राजाची, वाटा राजाच्या. तेव्हा बापानं पिसं गोळा केली, मेणानं चिकटवली आणि दोघांसाठी पंख केले. मुलाला सांगितलं, फार खाली जाऊ नको, पिसं भिजतील. फार वर जाऊ नको, मेण वितळेल. पोरगा उडाला, आनंदात वर वर गेला, सूर्यानं मेण वितळलं आणि तो समुद्रात पडला. तो पडला त्या जागेजवळचं बेट ते इकारोस, तिकडे ग्रीसमध्ये. आणि तेच नाव ग्रीकांनी इथं आणून या बेटाला दिलं.

"मेण?" अब्बा हातातला घास तसाच धरून म्हणाले. "ह्या उन्हात? माझा फोन ऱ्हायला नाय!"

सगळे हसलो. अबू नासिरना हिंदीत सांगितलं, तेही हसले. मग अब्बांनी विचारलं, "मंग बापाचा काय झाला?"

ही गोष्ट मी कितीदा वाचली होती, वर्गात एकदा सांगितलीही होती. माझी गोष्ट नेहमी मुलगा पाण्यात पडला की संपायची. मला आठवून आठवून सांगावं लागलं. बाप खाली उतरला. मुलाला पुरलं. मग पुन्हा उडाला आणि दुसऱ्या देशात गेला. तिथल्या राजाकडे कामाला राहिला.

"परदेशात?"

"हो."

"अँड ही गेव्ह हिज विंग्ज टु अपोलो," तन्वी म्हणाली. "टेंपलमध्ये ठेवून दिले. परत कधी उडला नाही."

"परतीचा तिकीट फाडलान म्हंजे," अब्बा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि काय रे, त्या पोराला उडायचा होता काय? का बापालाच?"

पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "बघ कुठं मिळाला तर."

परत

परतीच्या बोटीत मला बोट लागली नाही. सालमियाच्या धक्क्यावर, ऊन उतरल्यावर, अब्बांचा फोन चालू झाला आणि लगेच किणकिणायला लागला. थांबेचना. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

पहिला निरोप मामूंचा, माझ्या आईच्या भावाचा. "इरफान, बेटा, फेल झाल्यानं आयुष्य संपत नाही. पाण्यापासून लांब राहा." दुसरा शेजारच्या चाचीचा, नुसता रडण्याचा आवाज. तिसरा आमच्या गावच्या इमामसाहेबांचा, फार सुंदर आणि सांत्वनाचा. आणि अम्मीचे तर इतके फोन चुकलेले की यादी सरकवता सरकवता बोट दुखलं.

निकाल लागला होता आणि मला सोडून सगळ्यांना कळला होता. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता अम्मीला फोन लावला.

"कुठं हाय माझा पोर? जित्ता हाय काय?" अम्मीचा आवाज धक्क्यावर सगळ्यांना ऐकू गेला.

"हितं हाय, माझ्या बाजूला. पण तुला निकाल सांगलान कोणी?"

"तुम्हीच की! इरफान फेल झाला, बोटीत हाय, मान वर करत नाय, मी हाय त्याच्याबरोबर! असं बोललात आणि फोन ठेवलात! सकाळपासून आम्ही कोणी जेवलो नाय!"

आधी मला कळलं, मग अनघाताईंना. त्या गाडीच्या बॉनेटला टेकून हसायला लागल्या.

"अगो, फेलचा!" अब्बा ओरडले. "फेल-चा! बेटाचा नाव हाय तो! बेट! फिरायला गेल्लो!"

मग अम्मी म्हणाली, "निकालाच्या टायमाला असल्या नावाच्या गावाला नेतात काय पोराला?"

आम्ही सगळे हसलो, तन्वीला इंग्रजीत सगळं समजावून सांगावं लागलं, आणि मग ती सगळ्यांपेक्षा जास्त हसली. पण मामूंनी एक काम करून ठेवलं होतं. पोराला धीर मिळावा म्हणून त्यांनी दुपारीच मीना अब्दुल्लाच्या मुदीरला फोन केला होता की पोरगा तयार आहे. मुदीरनं उद्या सकाळी भेटायला बोलावलं होतं.

"आता नाही म्हणायचं काय?" मी विचारलं.

"निकाल कुठं लागलाय?" अब्बा म्हणाले. "करार तो करार. जाऊ, बघू."

मीना अब्दुल्ला

रिफायनरीच्या उंच चिमण्यांच्या टोकांवर भर दिवसा आग जळत होती. मला व्हल्कनची भट्टी आठवली आणि या परिस्थितीतही अंगावर काटा आला. ज्याच्या भट्टीत झ्यूसची वीज घडली तो लोहार आज असता तर इथंच कामाला असता. बाकीच्या देवांनी त्याच्या लंगडेपणाला हसावं, पण हत्यारं त्याच्याकडूनच न्यावीत.

मुदीर केरळचे होते, फार भले. त्यांनी चहा दिला, गोदाम दाखवलं. छतापर्यंत पाइपांचे सांधे, वॉल्व्ह, गास्केट, प्रत्येकाला नंबर. "विझिट विझा पे काम नहीं होता," ते म्हणाले. "तुम घर जाओ, इधर का कागज मैं करता हूं, फिर आना." त्यांनी एक हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवून पाहिलं. ते बरोबर बसलं. काम वाईट नव्हतं. माणसं वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तरीही ते हेल्मेट मी घाईघाईनं काढून परत दिलं. अब्बा मुदीरना म्हणाले, "बुकरा." म्हणजे उद्या. उद्या सांगतो.

दुकानात आल्यावर अब्बांनी अंगावर ॲप्रन चढवला आणि मी गल्ल्यामागे बसलो. संध्याकाळची गर्दी. एक फिलिपिनो बाई कांदे निवडत होती, दोन मुलं आइस्क्रीमच्या पेटीत डोकं घालून उभी होती, अनघाताई दारात तन्वीची वाट बघत होत्या. दुकानाच्या वायफायवर माझा फोन वाजला. आमच्या कॉलेजच्या इतिहासाच्या सरांचा आवाजी निरोप होता. ते नेहमी लिहितात, बोलून कधी पाठवत नाहीत.

"लाव," अब्बा म्हणाले.

"इथं?"

"हितंच लाव. काय असेल तो सगळ्यांच्या समोर."

मी फोन वजनकाट्याशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. सर धापा टाकत होते, बहुतेक जिना चढून आले होते.

"इरफान, अरे, गावात काय भलतंच पसरलंय, मला तीन जणांनी फोन केले! कोणी सांगितलं तुला फेल? निकाल आत्ता लागलाय, मी पास झालेल्यांची यादी समोर घेऊन बसलोय. तुझं नाव आहे. वर नाही, खालून दुसरं आहे, पण यादीत आहे."